रिकाम्या कड्यातलं कुलूप

१

सायकल गेली होती आणि कुलूप मागे राहिलं होतं. नुसतं राहिलं नव्हतं, चांगलं बंद होतं.

घरामागच्या पत्र्याच्या खोलीत, भिंतीत सिमेंटनं पक्क्या बसवलेल्या लोखंडी कड्याला ते लटकत होतं. घोड्याच्या नालेसारखं वाकलेलं, अंगठ्याएवढ्या जाडीचं. त्यावर ना ओरखडा, ना करवतीची खूण. खोलीच्या दाराचं कुलूपही शाबूत.

“चोरानं सायकल नेली, आणि जाताना रिकाम्या कड्याला कुलूप घालून गेला,” तपासायला आलेली बाई गुडघ्यावर बसत म्हणाली. “भलताच नीटनेटका चोर आहे.”

दारातली मुलगी हसली नाही. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. वय सव्वीस, गुडघ्यांवर जुन्या जखमांचे पांढरे वण, डोळ्यांखाली दोन दिवसांची जाग. डोंगरातल्या शर्यतींत सायकल चालवायची ती. येत्या रविवारीही शर्यत होती.

“किल्ल्या दोनच आहेत,” ती म्हणाली. “एक माझ्या गळ्यात असते, एक स्वयंपाकघरात खिळ्याला. दोन्ही जागच्या जागी आहेत. तेच तर कळत नाहीये मला.”

“शेवटची कधी पाहिलीत?”

“बुधवारी संध्याकाळी. पुसली, साखळीला तेल दिलं, कुलूप लावलं. काल सकाळी धावून परत आले, तर नाही.”

बाईनं वहीत लिहिलं. विमा कंपनीत ती बावीस वर्षं लोकांचे दावे तपासत होती. दाणे एकीकडे आणि खडे एकीकडे करते म्हणून ऑफिसात कुणीतरी तिला ‘चाळणी’ म्हणालं, आणि ते नाव जन्माचं चिकटलं. चाळणीला ते आवडायचं नाही, पण तिनं कधी नाकारलंही नाही. आजच्या फाइलीतला खडा तर न चाळताच दिसत होता. याच मुलीनं नऊ दिवसांपूर्वी सायकलीचा साधा विमा बदलून सगळ्यांत मोठा घेतला होता. विमा वाढवल्यावर पंधरवड्याच्या आत चोरी झाली की तपासनिसानं तातडीनं मत द्यायचं असा नियम होता. मत एका शब्दाचं, ‘खरा’ किंवा ‘संशयास्पद’. दुसरा शब्द पडला की कागद सरळ पोलिसांकडे. मुदत आज पाच वाजेपर्यंत होती.

“मी येत्या सोमवारी डोंगर बचाव पथकात रुजू होतेय,” धाकटी म्हणाली. “चार वर्षं झटले त्या नोकरीसाठी. गेल्या सोमवारी वैद्यकीय तपासणीही झाली. पोलिसांत नाव गेलं की संपलं सगळं. बाई, स्वतःच्याच सायकलीची चोरी कोण करतं हो?”

“पुष्कळ जण करतात,” चाळणी हळूच म्हणाली.

तिला एक शिंपी आठवला. त्याच्या जळालेल्या दुकानाच्या कागदावर तिनंच तो दुसरा शब्द लिहिला होता. आग खरोखर तारेतून लागली होती हे वर्षानं कळलं. तोवर त्याचं मशीनही गेलं होतं आणि बोलणंही. त्या शब्दाची शाई अजून बोटाला लागलेली आहे असं तिला कधी कधी वाटे.

तिनं खोलीभर नजर फिरवली. टायर, फावडं, रंगाचे डबे, सगळ्यांवर पत्र्याच्या गंजाची तांबूस भुकटी बसलेली. फक्त कोपऱ्यातल्या दोन ट्रंका निराळ्या होत्या. त्यांच्यावर गंज नव्हता. होता तो मऊ, करडा, कापसासारखा धुरळा, घरात अंथरुणाखाली साठतो तसा. चाळणीनं बोट फिरवून पाहिलं आणि रुमालाला पुसलं.

“या ट्रंका कुणाच्या?”

“आईच्या. असतील कधीपासूनच्या.”

चाळणी उठली. कुलूप तोडलेलं नाही, म्हणजे किल्लीनं उघडलं. किल्ल्या दोन, आणि दोन्ही याच घरात. मग चोरही याच घरातला.

२

स्वयंपाकघरातल्या टेबलावर विम्याची तीन माहितीपत्रकं अजून पडली होती. त्यांच्यापुढे मामा बसला होता. धाकटीच्या आईचा धाकटा भाऊ, पेशानं विमा एजंट, स्वभावानं भोंगा.

“मॅडम, विमा म्हणजे काय छत्री आहे, की दिसेल ती उचलली आणि निघालो? तो अंगाबरहुकूम शिवून घ्यावा लागतो. मी हिला तीन मापं दाखवली. पहिलं, नुसती चोरी, तीही घरातून. दुसरं, चोरी आणि अपघातातली मोडतोड. तिसरं, हे दोन्ही, शिवाय शर्यत, शिवाय चालवणाऱ्याची हाडं.”

“मी दुसऱ्यावर थांबले होते,” धाकटी म्हणाली. “तिसरा घे म्हणून दादा हटून बसला.”

“हटणारच तो!” मामाचा आवाज एकदम खाली आला. “तीन वर्षांपूर्वी त्याचा दुसरा होता ना. शर्यतीत उतारावर पडला, डावा पाय गेला कामातून. कागद उघडला, तर शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं, ‘शर्यत वगळून’. तो विमाही मीच विकला होता, मॅडम. ताईनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.”

तेव्हापासून या घरात एक रीत पडली होती. कसलाही कागद आला की त्यातली बारीक अक्षरं टेबलाशी बसून मोठ्यानं वाचायची. नऊ दिवसांपूर्वीही चौघं अशीच बसली होती. कुलूप कुठल्या प्रतीचं हवं, कडं भिंतीत किती खोल हवं, झीज धरतात की नाही, परक्यानं चालवली तर काय, एकेक ओळ धाकटीनं वाचली आणि दादानं फॉर्म भरला. अक्षर त्याचं चांगलं म्हणून.

“ताईनं तर वाचन झाल्यावरही मला सोडलं नाही,” मामा हसला. “बुधवारी फोन. काय रे, वस्तू आतून खराब झाली असेल तर मिळतं का काही? म्हटलं, ताई, झिजेला कवडी नाही, चोरीला पूर्ण. बरं म्हणाली, ठेवला फोन. धुण्याच्या मशीनचं विचारत असेल. एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलंय तिनं. खिळा कमी पडला तर घास उतरत नाही तिच्या घशाखाली.”

चाळणीनं तिसरं माहितीपत्रक उचललं. त्याच्या जाड मुखपृष्ठाचा तळहाताएवढा तुकडा नव्हता. फाटलेला नव्हता, कात्रीनं सरळ कापलेला होता.

“हे कुणी कापलं?”

“उंदीर असेल.”

“कात्रीवाला उंदीर?” धाकटी वैतागली. “मामा, प्लीज.”

चाळणीनं फाइलीतला मूळ फॉर्म उघडला. वळणदार अक्षर, कुठे खाडाखोड नाही. फक्त एका रकान्यात होती. ‘सायकल चालवणाऱ्या इतर व्यक्ती’ असं छापलं होतं. तिथं कुणीतरी एक अक्षर लिहिलं होतं, मग ते इतक्या जोरानं खोडलं होतं की कागद मागून उमटला होता. पुढे लिहिलं होतं, ‘कोणी नाही’.

३

आई खिडकीशी मटार सोलत बसली होती. पासष्टीची, ताठ, चष्म्याला दोरी. खाली ठेवलेली सालंही तिनं एका दिशेनं लावली होती.

“चोरीबद्दल तुम्हाला काय वाटतं?” चाळणीनं विचारलं.

“बुधवारी होती,” आई म्हणाली. “गुरुवारी जागेवर नाही.”

“कुणी आलं-गेलं? कुणावर संशय?”

“कुणावर घेऊ? सायकल जागेवर नाही, एवढंच मला ठाऊक.”

तेवढ्यात काठीचा आवाज आला आणि दादा आत आला. उंच, खांदे अजून खेळाडूचे, डावा पाय मात्र मागून ओढत आणलेला. आईनं त्याच्या उजव्या तळव्याकडे पाहिलं आणि काही न बोलता उठली. भिंतीवरच्या खिळ्यांना किल्ल्या ओळीनं टांगलेल्या होत्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. तिनं औषधाचं कपाट उघडलं, मलम काढलं. कपाटाचं दार उघडंच होतं, पण कुलूप तिनं रिकाम्या कडीत अडकवून दाबलं. कट्. किल्ली परत खिळ्याला. मग मलम दादापुढे ठेवून पुन्हा मटारांकडे.

“हाताला काय झालं?” चाळणीनं विचारलं.

“काठी घसरली.” त्यानं मूठ मिटली. तळव्यावरची खरचट चार-पाच दिवसांची असावी, खपली धरू लागली होती.

“सायकलीचं काय झालं असेल?”

“मला विचारताय? मी जिना उतरलो तरी शेजारी टाळ्या वाजवतात, बाई.”

“दादा!” धाकटी दारातून म्हणाली.

“खोटं आहे का?” त्याचं हसू ओठांच्या वर गेलं नाही. “मला आता डोंगराचं नाव नको. मी फक्त हिचा फॉर्म भरला.”

“भरलात खरा,” चाळणी म्हणाली, “पण एका रकान्यात एक अक्षर लिहून खोडलंत. कुणाचं नाव लिहिणार होतात?”

खोलीत मटाराची एक शेंग फुटली. त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. दादाचा चेहरा धुतल्यासारखा पांढरा पडला.

“चुकून पडलं अक्षर.”

“आज पाच वाजता मला एक शब्द लिहायचा आहे,” चाळणी म्हणाली. “कुलूप किल्लीनं उघडलंय. विमा नऊ दिवसांचा. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर यांचं नाव केव्हाच लिहून मोकळं झालं असतं.” तिनं धाकटीकडे पाहिलं.

आईचे हात थांबले. “हिचं नाव? हिचं का?”

“दावा त्यांचा आहे. पैसे त्यांना मिळणार.”

आईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्याआधीच दादाची काठी जमिनीवर आपटली.

“हिचं नाही लिहायचं,” तो म्हणाला. “माझं लिहा. सायकल मी विकली.”

४

“दादानं विकली? हॅ!”

सायकल दुरुस्त करणाऱ्याला सगळे पान्हा म्हणत. दोन चौक पलीकडे त्याचं दुकान, रबराच्या आणि वंगणाच्या वासानं भरलेलं. त्यानं हात चिंधीला पुसले आणि चाळणीसाठी स्टूल पुढे सरकवलं.

“ती सायकल हिरवी, बाई. पोपटासारखी हिरवी. पट्ट्या धाकटीनं स्वतः रंगवल्यात. डोंगरात जाणारा प्रत्येक जण ती लांबून ओळखतो. घेणार कोण ती? आणि दादा विकेल? धाकटीला सायकलवर पहिल्यांदा त्यानंच बसवलं. पोरगं उगाच छाती पुढे करतंय.”

“मलाही तसंच वाटतं,” चाळणी म्हणाली. “कुणाला विकली ते सांगा म्हटलं, तर गप्प बसले. हल्ली सायकलीत काही वेगळं दिसलं तुम्हाला?”

“दिसलं नाही, पण शिव्या खाल्ल्या. मंगळवारी धाकटी आली तणतणत. सीट चार बोटं वर कुणी केली म्हणे. मी कशाला करू? तिची सीट वर केली तर तिचे पाय लोंबकळतील. मी म्हटलं, तूच केली असशील आणि विसरली असशील. तर म्हणाली, मी आईला विसरेन पण सीट विसरणार नाही.”

चाळणी लिहिता लिहिता थांबली. समोर हुकाला एक सायकल टांगली होती, पुढचं चाक काढलेली. चाकाच्या जागी, ब्रेकच्या दोन पातळ चिपांच्या मध्ये, दुमडलेला पुठ्ठा खोचला होता.

“हा पुठ्ठा कशाला?”

“चाक काढलं की तो घालावाच लागतो. नाहीतर चुकून कुणी ब्रेक दाबला, की दोन्ही चिपा एकमेकींना घट्ट मिठी मारतात. मग चाक परत आत जात नाही. डोक्याला ताप.”

“चोर घालेल?”

पान्हा खो-खो हसला. “चोराला चाक परत जोडायची काय फिकीर? घालतो तो, ज्याला सायकल पुन्हा धडपणे उभी करायची असते.”

चाळणी उभी राहिली. इतका वेळ वेगवेगळे पडलेले दाणे एका झटक्यात एका बाजूला आले होते. कापलेला पुठ्ठा. करडा धुरळा. रिकाम्या कडीत कट् करून बसलेलं कुलूप.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजत होते.

“सायकल कुठं आहे, ते कळलं मला,” ती म्हणाली. “ती घराबाहेर गेलेलीच नाही.”

५

तिनं चौघांना टेबलाशी बसवलं. दादा कुणाकडे पाहत नव्हता.

“कुलपापासून सुरू करते,” चाळणी म्हणाली. “चोर कुलूप उघडतो आणि टाकून पळतो. रिकाम्या कड्याला ते परत बंद करायला वेगळा हात लागतो. वर्षानुवर्षं जो हात काढलेलं कुलूप उघडं ठेवत नाही, कारण उघडं कुलूप कुणीही उचलून नेतं, असा हात. मघाशी औषधाचं कपाट सताड उघडं होतं आणि कुलूप मात्र बंद होतं.”

आईनं चष्मा काढला आणि पुसायला लागली.

“माहितीपत्रकाचा पुठ्ठा इथंच कापला गेला. तो सायकलीच्या ब्रेकमध्ये आहे, म्हणजे पुढचं चाक याच घरात काढलं गेलं. आणि सायकल पुन्हा वापरात यावी असं वाटणाऱ्यानं काढलं. विकणाऱ्यानं नाही, पळवणाऱ्यानं नाही. चाक कशाला काढलं? मोठी वस्तू कमी जागेत मावावी म्हणून. कमी जागा कुठली? पत्र्याच्या खोलीतल्या दोन ट्रंकांवर गंज नाही, गादीखालचा धुरळा आहे. त्या कालपरवापर्यंत कुठल्यातरी पलंगाखाली होत्या. आता त्या बाहेर आहेत. मग पलंगाखाली काय आहे?”

चाळणीनं वहीचं पान उलटलं.

“आणखी एक. सकाळपासून इथं प्रत्येक जण चोरी म्हणतोय. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत,” चाळणी आईकडे वळली. “तुम्ही म्हणता, जागेवर नाही. तुम्हाला खोटं बोलायचं नव्हतं.”

“आई?” धाकटीचा आवाज अगदी लहान मुलीसारखा आला.

आई उठली. आपल्या खोलीत गेली, पलंगावरची जमिनीपर्यंत लोंबणारी चादर वर केली आणि बाजूला झाली.

स्वच्छ चादरीत गुंडाळलेली हिरवी सायकल, शेजारी पुढचं चाक, ब्रेकच्या चिपांत निळा पुठ्ठा. दांड्याला दोऱ्यानं एक लाल चिठ्ठी बांधली होती, कारखान्यातल्यासारखी. वस्तू, तारीख, कारण, सही. सगळे रकाने आईच्या ठसठशीत अक्षरात भरलेले होते. एक सोडून. ‘कारण’ कोरं होतं.

“तू?” धाकटी मागे सरकली. “दोन दिवस मी रडतेय, रस्त्यारस्त्यानं शोधतेय, आणि तू माझ्यासमोर बसून मटार सोललेस?”

“नासका माल होता तो,” आई म्हणाली. “बाजूला काढला.”

६

तिनं सायकल आडवी केली आणि खालच्या दांड्यावर, पायडलच्या जरा वर, नख फिरवलं. एका जागी नख अडलं. धाकटी वाकली. मातीच्या रेघेसारखी दिसणारी ती रेघ मातीची नव्हती. केसाएवढी चीर होती, अर्ध्या दांड्याला वेढून गेलेली.

“बुधवारी दुपारी सापडली,” आई म्हणाली. “शर्यतीआधी मी नख फिरवतेच, तुला ठाऊक नाही. संध्याकाळी तू पुसलीस, तुला दिसली नाही. रविवारी उतारावर ही दुभंगली असती.”

“मग सांगायचं होतंस!”

“सांगितलं होतं एकदा. तीन वर्षांपूर्वी. पुढचा दांडा हलतोय म्हटलं, तर हा म्हणाला, शर्यत झाली की बघू.” तिनं दादाकडे पाहिलं नाही. “तेव्हा मी ऐकून घेतलं. पुन्हा ऐकून घेणार नव्हते. स्टोअरमध्ये तडकलेला भाग सापडला की वाद घालायचा नसतो. मांडणीवरून काढायचा, लाल चिठ्ठी लावायची, कुणाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवायचा. एवढंच मला येतं.”

“आणि विमा?” चाळणीनं विचारलं. “झिजेला नाही, चोरीला पूर्ण, हे तुम्ही मुद्दाम विचारून घेतलंत.”

आईनं मान खाली घातली. “विचार शिवून गेला मनाला. खोटं का बोलू? पण तो गेला, आणि रविवार सरला की ती परत ठेवायची असं मी ठरवलं. हिनं मात्र तासाभरात सगळीकडे फोन लावले. मग मला तोंडच उघडता येईना. हिच्यावर बालंट येईल हे ध्यानातच आलं नाही हो माझ्या. माल जागेवर नसला की आमच्याकडे स्टोअरवालीला विचारायचे.”

“पण ताई,” मामा कळवळून म्हणाला, “चीर आहे एवढंच सांगायचं होतं गं पोरीला. लपवायची काय गरज होती?”

आईच्या बोटांनी पदराची एकच घडी तीनदा घातली.

उत्तर चाळणीनं दिलं. तिचा आवाज आता तपासणाऱ्याचा नव्हता.

“कारण मग पुढचा प्रश्न आला असता. नवी चीर आपोआप पडत नाही. सीट चार बोटं वर गेली होती. सोमवारी धाकटी पथकाच्या वैद्यकीय तपासणीला गेली होती ना? मंगळवारी तिला सीट वेगळी लागली. या घरात तिच्याहून चार बोटं उंच एकच माणूस आहे. त्याच्या तळव्यावर चार-पाच दिवसांची खरचट आहे. आणि फॉर्मवर ‘इतर व्यक्ती’ पुढे त्यानं आपलंच पहिलं अक्षर लिहिलं, आणि मग खोडलं.”

दादाची काठी भिंतीला घासत खाली गेली. तो पलंगाच्या कडेवर बसला.

“एकदाच,” तो म्हणाला. “शपथ, एकदाच. डाव्या पायानं नुसता टेकू दिला. पहिल्या वळणापर्यंतच जायचं होतं. वारा लागला आणि मी दुसऱ्यापर्यंत गेलो. तिथं सायकल दगडावर गेली. मी हातावर निभावलो. मग सगळी माती पुसली, नीट पाहिली...” तो चिरेकडे बघत राहिला. “ही मला दिसली नाही, धाकटे. दिसली असती तर... रविवारी तू यावर...”

त्यानं तळव्यावरची खपली अंगठ्यानं दाबली.

“मला सोमवारीच कळलं होतं,” आई म्हणाली. “मी पोळ्या करत होते. हा आंघोळ करताना गुणगुणत होता. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी गॅस बारीक केला आणि ऐकत उभी राहिले. पोळी करपली. मग बुधवारी ती चीर सापडली. आता सांगितलं तर हा पुन्हा कधी गुणगुणेल का? आणि न सांगावं तर हिचा जीव. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं ते मला सुचेना. एकतीस वर्षांत मी कोरी चिठ्ठी लावली नव्हती.”

खिडकीच्या काचेवर एक माशी चढत होती, पडत होती.

“माझं नाव लिहायला निघाल्या होत्या बाई,” धाकटी शेवटी म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, आणि आईला तेच जास्त लागलं असावं. “तू याला राखलंस, मला राखलंस, आणि दोघांनाही सांगितलं नाहीस. याला वाटलं मी केलं, म्हणून हा चोर व्हायला निघाला. काय घर आहे हे!”

चाळणीनं वही उघडली. पाच वाजायला पंचवीस मिनिटं होती. “दावा मागे घ्या,” ती धाकटीला म्हणाली. “वस्तू घरातच सापडली असं लिहा, कारण ती सापडली आहे. माझ्या अहवालात सगळं येईल. चिरेचंही आणि आईंचंही. तुम्हाला काही माहीत नव्हतं, हे पहिल्या ओळीत येईल. जे घडलं ते घडलं तसं लिहीन, त्यातून तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही. पण मोडतोडीचं काही मिळायचं नाही.”

“इतर व्यक्ती, कोणी नाही,” मामा पुटपुटला. “धाकटीनंच मोठ्यानं वाचलं होतं ते कलम. फॉर्मात नाव नसलेल्यानं चालवली की मोडतोडीला कवडी नाही.”

धाकटीनं सही केली. शर्यत गेली होती, सायकल गेली होती. तिनं पेन टेबलावर ठेवलं.

चाळणी निघाली. दाराशी चपला घालताना तिनं सहज मागे पाहिलं. दादा उठला होता. टेबलावरचं पेन घेऊन, भिंतीला धरत तो आईच्या खोलीत गेला आणि मोठ्या कष्टानं जमिनीवर बसला. लाल चिठ्ठी त्यानं गुडघ्यावर सपाट केली. कोऱ्या रकान्यात, आपल्या वळणदार अक्षरात, हळूहळू लिहिलं, ‘माझ्या हातून पडली.’ खाली सही केली. या वेळी काही खोडलं नाही.

धाकटी त्याच्या डोक्यावरून वाकून वाचत होती. वाचून झाल्यावरही ती तशीच उभी राहिली. मग तिनं पायानं त्याची काठी त्याच्याकडे ढकलली.

“दुसऱ्या वळणापर्यंत गेलास,” ती म्हणाली. “आणि सीट खाली करायची अक्कल नव्हती तुला?”

दादानं मान वर केली नाही. पण त्याचे खांदे हलले. तो हसत होता की रडत होता, हे चाळणीला शेवटपर्यंत कळलं नाही. आईनं तेवढ्यात उठून खिळ्यावरची एक किल्ली काढली, मागच्या खोलीत गेली आणि रिकाम्या कड्यातलं ते कुलूप उघडून तसंच उघडं ठेवून आली.